दिवे मंद आणि सकाळी बॅटरी उतरलेली: चोपडा तालुक्यातल्या एका जुन्या गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी २००७ सालची, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक, एमएच १९ पासिंगची. कंपनीचं नाव देत नाही, कारण जे दोष सापडले त्यांचा गाडीच्या बनावटीशी संबंध नव्हता. मालक चोपडा तालुक्यातल्या एका गावचे निवृत्त शिक्षक. त्यांना इथे नाना म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नानांची शाळा घरापासून वीसेक किलोमीटरवर होती. गाडी रोज सकाळी जायची, संध्याकाळी यायची. २०२२ च्या वळवाच्या वादळात कडुनिंबाची फांदी गाडीच्या मागच्या भागावर पडली. डिकीचं दार आणि उजवी बाजू चेपली. गाडीला पंधरा वर्षं होत आली होती, आरटीओत फेरनोंदणी करायचीच होती. म्हणून नानांनी नुसतं डेंटिंग न करता पूर्ण गाडी रंगवून घेतली, अगदी बोनेटखालची बाजूसुद्धा. काम दिसायला उत्तम झालं होतं. फेरनोंदणी झाली, पुढच्या पाच वर्षांची चिंता मिटली.

मे २०२३ मध्ये नाना निवृत्त झाले. त्यानंतर गाडी रोज निघेनाशी झाली. कधी चोपड्याला बाजार, कधी लग्नकार्य, आणि काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर आठवड्यातून एक-दोनदा तापी ओलांडून जळगावला फिजिओथेरपी. एरवी गाडी अंगणात कव्हर घालून उभी. त्रास सुरू झाला तो याच काळात, आणि मार्च २०२४ मध्ये गाडी आमच्या जळगावच्या वर्कशॉपला आली.

तक्रार

आल्या आल्या नाना म्हणाले, "भाऊ, दोन दिन उभी ठेवी का मरी जास."

एवढ्यावर मीटर, म्हणजे व्होल्ट आणि करंट मोजायचं मल्टिमीटर, हातात घेण्यात अर्थ नव्हता. चहा मागवला आणि वहीत लिहीत गेलो. लिहिता लिहिता तक्रारी तीन निघाल्या.

पहिली: गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ लागत नाही, नुसता टकटक आवाज येतो. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडली की पहिल्या झटक्यात चालू. एका रात्रीच्या मुक्कामानंतर मात्र गाडी कधीच अडलेली नाही. हे नानांनी आपणहून सांगितलं नव्हतं. 'शेवटची कधी चालवली होती?' असं दर वेळचं विचारत गेल्यावर ते बाहेर आलं.

दुसरी: रात्री हेडलाईट पिवळे पडतात. एसीचा पंखा जोरात केला की आणखी मंद. इंडिकेटरची लय बिघडते.

तिसरी तक्रार नाना जवळजवळ विसरलेच होते, आठवण काकूंनी करून दिली: "दिवे लावले की तो गरमीचा काटा वर चढतो. मला भीती वाटते, इंजिन तापलं का काय." दिवे बंद केले की काटा खाली. जाणकार वाचकाने इथेच कान टवकारले असतील. पाण्याचं तापमान बटण दाबल्यासरशी वर-खाली होत नसतं. म्हणजे पाणी जेवढं होतं तेवढंच होतं, चुकत होता तो काटा.

आधी झालेले उपाय

नानांनी प्लास्टिकच्या पिशवीत सगळी बिलं जपून ठेवली होती. शिक्षकाची सवय. तारखेप्रमाणे लावली तेव्हा चित्र असं होतं.

दिवाळी २०२२ च्या सुटीत गाडी एकदा चालू झाली नाही. बॅटरी चार वर्षांची होती, बदलली. त्या वेळी कोणीही हेच केलं असतं, म्हणून ते बिल तक्रारींच्या यादीत नव्हतंच. ते वेगळ्या पाकिटात निघालं.

निवृत्तीनंतर पावसाळ्यात पुन्हा तेच. जुलै २०२३ मध्ये दुकानदाराने ती बॅटरी वॉरंटीत बदलून दिली. पुढे महिन्याभरात पुन्हा तेच. मग तालुक्याच्या ठिकाणच्या एका वायरमनने रात्री दिवे लावून मीटर लावलं, चार्जिंग १२.४ व्होल्ट दाखवलं, आणि डायनामो, म्हणजे अल्टरनेटर, कामातून गेल्याचं सांगितलं. रिबिल्ट, म्हणजे जुना दुरुस्त केलेला, डायनामो बसला, जुना दुकानात जमा. दिवे तसेच मंद. पुन्हा मोजलं, पुन्हा १२.४. मग नवीन बसवलेला डायनामोच 'हलका' निघाला असं ठरलं आणि तो एकदा बदलून झाला. दुसऱ्या एका गॅरेजने काट्याच्या तक्रारीवर थर्मोस्टॅट आणि टेंपरेचर सेन्सर बदलला. मध्ये एकदा ॲक्सिलरेटरची तार जड झाली म्हणून तीही बदललेली.

बेरीज बारा हजारांच्या वर गेली होती. पुण्याचा मुलगा फोनवर म्हणत होता, "नाना, विकून टाका ती. किती दिवस त्याच त्याच गोष्टीवर पैसे घालणार?"

यातल्या कोणालाही फसवेगिरी म्हणायची माझी तयारी नाही. चार्जिंग कमी असेल तर दिवे मंद होतात, आणि चार्जिंग कमी असेल तर बॅटरीही उतरते. एका कारणात दोन्ही तक्रारी बसत होत्या. आणि मीटरही तेच सांगत होतं. मग डायनामो बदलूनही फरक पडला नाही तेव्हा संशय डायनामोवरच गेला, त्या कारणावर गेला नाही.

समोरचे पर्याय

नानांना एका बाकावर बसवून पर्याय बोललो.

गाडी विकणं. सतरा वर्षांच्या गाडीला भाव कितीसा येणार, त्यात 'चालू होत नाही' असं कळलं तर भंगाराचाच. शिवाय रंग आणि फेरनोंदणीचा खर्च नुकताच झालेला. काकूंना उन्हाळ्यात एसटीने नेणं नानांना नको होतं.

पूर्ण वायरिंग नवीन टाकणं. हा सल्ला त्यांना एका ठिकाणी मिळाला होता. माझं मत सरळ विरोधात होतं. जुन्या गाडीची मूळ वायरिंग सहसा नंतर केलेल्या जोडण्यांपेक्षा चांगल्या अवस्थेत असते. डॅशबोर्ड उतरवून सगळं नवीन ओढलं की एक दोष जातो आणि चार ठिकाणच्या क्लिपा तुटतात.

बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवणं. निगेटिव्ह टर्मिनलवर फिरवायचा खटका, दोन-तीनशे रुपयांचं काम. गाडी उभी करताना खटका बंद केला की बॅटरी उतरायचा प्रश्नच नाही. हा पर्याय मला हसण्यावारी न्यावासा वाटत नाही. आठवड्यातून एकदा निघणाऱ्या गाडीला तो खरोखर चालतो. पण घड्याळ दर वेळी लावायचं, रिमोट लॉक मेलेलं राहणार, आणि दिव्यांच्या तक्रारीला त्याचा काही उपयोग नाही.

मोजून शोधणं. यात अडचण पैशाची नाही, वेळेची. गाडी रात्रभर आमच्याकडे ठेवावी लागणार होती आणि काय निघेल ते आधी सांगता येत नव्हतं. 'काही निघालं नाही तरी तपासणीचे पैसे लागतील' हे मी आधीच बोललो. नानांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "पेपर तपासल्याचे पैसे बोर्डबी देतंच होतं."

मोजमाप: बॅटरी आणि चार्जिंग

पहिली गोष्ट, बॅटरी काढून चार्जरवर रात्रभर पूर्ण भरली. अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर घेतलेलं कोणतंही माप फसवं असतं. सकाळी, चार्जर काढून काही तास गेल्यावर, व्होल्टेज १२.६५. पूर्ण भरलेल्या बॅटरीचं १२.६ ते १२.७ असतं, १२.२ ला ती निम्मी असते आणि ११.९ च्या आसपास जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना व्होल्टेज १०.४ पर्यंत उतरलं. साडेनऊच्या खाली जात नसेल तर सेल्फ, जाड तार आणि इंजिनची अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परतायची जोडणी, ठीक आहे असं समजायला हरकत नाही.

बॅटरी आठ-नऊ महिन्यांची होती, पण पुन्हा पुन्हा तळापर्यंत उतरलेली. गाडीची बॅटरी क्षणभर मोठा करंट द्यायला बनवलेली असते, रिकामी व्हायला नाही. प्रत्येक वेळी तळ गाठला की प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता थोडी कायमची जाते. त्यात आपलं ऊन. तापमान दर १० अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा धंद्यातला ठोकताळा आहे, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा बोनेटखाली काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

मग इंजिन चालू केलं. मीटरच्या दोन्ही पिना थेट बॅटरीच्या दोन खांबांवर. काही न लावता १४.२. हेडलाईट, पंखा पूर्ण, मागच्या काचेचा हीटर, सगळं लावून १३.८. डायनामो ठणठणीत होता. मग वायरमनला १२.४ आलं कुठून?

काळी पिन

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथेच आहे.

लाल पिन बॅटरीच्या प्लसवर तशीच ठेवून काळी पिन बॅटरीच्या मायनसवरून उचलली आणि बोनेटच्या बिजागराजवळच्या बोल्टवर, म्हणजे बॉडीवर, टेकवली. मीटरवर १२.४. तोच आकडा. वायरमनने खोटं काही मोजलं नव्हतं. काळी पिन बॉडीला लावायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, कारण बॉडी म्हणजेच मायनस असं आपण धरून चालतो. या गाडीत ते खरं नव्हतं.

मग लाल पिन बॉडीवर आणि काळी बॅटरीच्या मायनसवर. दिवे आणि पंखा चालू असताना १.४ व्होल्ट. चांगल्या अर्थिंगवर हा आकडा ०.१ च्या आत असायला हवा, फार तर ०.२. दिवे बंद केले की तो जवळजवळ शून्य. म्हणजे दिवसा, काही न लावता मोजणाऱ्याला हा दोष दिसलाच नसता. करंट वाहत असेल तेव्हाच अर्थिंगचा खरा चेहरा दिसतो. नुसतं 'बीप' वाजवून तार तपासणाऱ्याला तुटायला आलेली तारही शाबूत वाटते.

हेडलाईटच्या सॉकेटमध्ये मोजलं तर १२.१ व्होल्ट मिळत होते. १३.८ मधले १.४ परतीच्या वाटेवर गेले आणि ०.३ जाताना स्विच आणि जुन्या तारांमध्ये. ती ०.३ ची घट या वयाच्या गाडीत मान्य करण्यासारखी. हॅलोजन बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं की उजेड तीसेक टक्क्यांनी पडतो, म्हणून नानांना दिवे 'निम्मे' वाटत होते.

या गाडीत बॅटरीच्या मायनसवरून दोन तारा निघतात. जाड तार गिअरबॉक्सला, बारीक तार बॅटरीच्या ट्रेशेजारी बॉडीला. जाड तार उत्तम होती, त्यामुळे सेल्फ आणि चार्जिंगवर काही परिणाम नव्हता. दिवे, पंखा, डॅशबोर्ड यांचा परतीचा करंट बारीक तारेवरून यायचा. तिच्या लगला, म्हणजे बोल्टखाली आवळायच्या टोकाच्या धातूच्या कडीला, हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. पंचवीसेक अँपिअर आणि १.४ व्होल्ट म्हणजे ३५ वॅट त्या एका बोल्टवर जळत होते.

बोल्ट उघडला. लगच्या खाली प्रायमर आणि वर बॉडीचाच चकचकीत रंग. बोनेटखालची बाजू रंगवताना तार सोडली होती, रंग वाळल्यावर त्याच रंगावर लग पुन्हा आवळली होती. बोल्टच्या आट्यांतून थोडाफार करंट जात राहिला, म्हणून गाडी दीड-दोन वर्षं चालली. त्यात बॅटरीच्या ॲसिडची वाफ बसून हिरवट पांढरी पूड जमली आणि दिवसेंदिवस अडथळा वाढत गेला.

काट्याचं कोडंही इथेच सुटलं. टेंपरेचरचा सेन्सर इंजिनात असतो, त्याची अर्थिंग इंजिनाची. काट्याच्या मीटरची अर्थिंग बॉडीची. दिवे लावले की बॉडी इंजिनपेक्षा १.४ व्होल्टने वर उचलली जायची आणि काटा तेवढा फसायचा. सेन्सर आणि थर्मोस्टॅट बदलून काही होणारच नव्हतं.

ॲक्सिलरेटरच्या तारेबद्दल एक शंका नोंदवून ठेवतो. बॉडीची अर्थिंग गेली की करंट इंजिनाकडे परतायला मिळेल ती धातूची वाट धरतो, आणि ॲक्सिलरेटरची किंवा गिअरची तार ही त्यातली एक. तापून आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळतं, तार जड होते. नानांची जुनी तार फेकून दिलेली होती, त्यामुळे हा नुसता संशयच राहिला.

दुरुस्ती, आणि थांबायचं की नाही

लगखालचा रंग पॉलिश पेपरने खरवडून चकचकीत पत्रा काढला. नवी कथिल चढवलेली लग पकडीने दाबून बसवली, खाली दातेरी वॉशर, घट्ट आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन लावून मग आवळणारे पाहिले आहेत, त्यांना दोष देत नाही, पण क्रम हाच बरा. शिवाय इंजिन ते बॉडी अशी एक जादा जाड तार टाकली. पुन्हा तेच माप: ०.०५ व्होल्ट. दिवे पांढरे, काटा जागचा हलेना.

दुपारी नाना आणि काकू फिजिओथेरपी करून आले. गाडी पाहून खूश झाले, किल्ली मागितली. गाडी छान चालू होत होती, दिवे झकास होते, पैसे घ्यायला हरकत नव्हती. मी किल्ली दिली नाही.

कारण साधं होतं. किल्ली बंद असताना खराब अर्थिंग बॅटरी खात नाही. ती दिवे मंद करेल, काटा फसवेल, पण उभ्या गाडीची बॅटरी दोन दिवसांत रिकामी करणार नाही. सापडलेल्या दोषाने दोन तक्रारी मिटत होत्या आणि पहिली, ज्यासाठी नाना मुळात आले होते, ती तशीच होती. तेव्हा बॅटरी पूर्ण भरलेली होती म्हणून गाडी चालू होत होती, इतकंच. त्या दिवशी सोडली असती तर चौथ्या दिवशी गावाहून फोन आला असता, आणि त्या फोनवर अर्थिंगचं चांगलं कामही खोटं ठरलं असतं. नानांना ते पटलं. ते दोघं संध्याकाळच्या एसटीने गेले.

मोजमाप: उभ्या गाडीचा करंट

संध्याकाळी गाडी लॉक केली. बोनेट उघडं ठेवलं. मायनस टर्मिनल सोडून मधे मीटर जोडलं, दहा अँपिअरच्या भोकात. या अवस्थेत सेल्फ मारायचा नाही, पंखा किंवा दिवे लावायचे नाहीत, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. अर्धा तास कोणी हात लावला नाही, रिमोट लॉकसारख्या गोष्टी झोपायला वेळ घेतात.

मीटरवर ०.४४ अँपिअर.

या वयाच्या गाडीत घड्याळ, स्टिरिओची मेमरी आणि लॉक मिळून ०.०२ ते ०.०३ लागावेत. ०.०५ च्या वर गेलं की शोधायला लागायचं. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. ०.४४ ने दिवसाला साडेदहा जातात. नवी बॅटरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी गळणार, क्षमता गेलेली दुसऱ्याच दिवशी. नानांच्या 'दोन दिन'चा हिशेब तंतोतंत लागला.

आणि निवृत्तीचाही. शाळेत जाता-येता चाळीस किलोमीटर व्हायचे, तेवढ्यात डायनामो रोजची घट भरून काढायचा. रविवार कसाबसा निभायचा. दिवाळीच्या सुटीत पहिल्यांदा गाडी अडली, तेव्हा बॅटरी जुनी होती म्हणून तो इशारा वाया गेला. म्हणजे गळती निदान २०२२ पासून होती. नाना निवृत्त झाले तेव्हा गाडी बदलली नव्हती, गाडीचा दिनक्रम बदलला होता. 'दोष कधी सुरू झाला' या प्रश्नाबरोबर 'तेव्हा तुमच्या वापरात काय बदललं' हेही विचारायला हवं. इतक्या बिलांत हा प्रश्न कुठे विचारला गेल्याची खूण नव्हती.

फ्यूज एकेक उपटत बसण्यापेक्षा प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मिलिव्होल्टमध्ये मोजलं. ज्यातून करंट वाहतो तिथे थोडं व्होल्टेज दिसतं, बाकीच्यांवर शून्य. रूम लाईटच्या फ्यूजवर आकडा दिसला. खात्रीसाठी तो काढला, मीटर ०.०१ वर आलं.

त्या फ्यूजवर पाच गोष्टी: रूम लाईट, डिकीची लाईट, घड्याळ, स्टिरिओची मेमरी आणि नंतर बसवलेलं रिमोट लॉक. आमच्याकडच्या पोराने लगेच स्टिरिओवर बोट ठेवलं. बरोबरच होतं, बाहेरून बसवलेले स्टिरिओ असल्या गळतीत नेहमीचे गुन्हेगार. स्टिरिओ काढला: ०.४३. लॉकचं युनिट काढलं: ०.४२. रूम लाईट बंद दिसत होती.

उरलेल्या आकड्याकडे बघत बसलो. १२ व्होल्टवर ०.४२ अँपिअर म्हणजे पाच वॅट. पाच वॅटचा बल्ब. डिकीत तोच असतो.

पण डिकीची लाईट तर आधीच्या प्रत्येकाने पाहिली असणार. डिकी उघडली की ती लागते, लागायलाच हवी, म्हणून कोणाला काही वाटत नाही. दार बंद असताना आत काय चाललंय हा फ्रिजच्या दिव्याचा जुना प्रश्न आहे. इथे मागच्या काचेतूनही दिसत नव्हतं, कारण बल्ब पार्सल ट्रेच्या खाली, काचेला फिल्म, आणि घरी गाडीवर कव्हर.

पोराचा मोबाईल व्हिडिओ सुरू करून डिकीत ठेवला, दार लावलं, मिनिटभराने उघडलं. व्हिडिओत दार बंद झाल्यावरही उजेड तसाच. हात लावला तर बल्बचं झाकण कोमट.

फांदी पडल्यावर डिकीचं दार ठोकून सरळ केलं होतं आणि कुलूप नीट लागावं म्हणून ते ज्यात अडकतं ती पट्टी थोडी बाहेर सरकवली होती. दार घट्ट लागायचं, पण डिकीची लाईट बंद करणाऱ्या स्विचची दांडी दोन-तीन मिलिमीटर कमी दाबली जायची. पट्टी आणि स्विचचा ब्रॅकेट जागेवर आणला, दाराचे रबरी बफर फिरवून उंची जुळवली, पुन्हा मोबाईल ठेवून पाहिलं. अंधार. स्टिरिओ आणि लॉक परत जोडून मीटरवर ०.०२.

निष्पत्ती

गाडी मुद्दाम चार दिवस आमच्याकडे उभी ठेवली. पाचव्या सकाळी व्होल्टेज १२.६ च्या खाली गेलं नव्हतं, सेल्फ पहिल्या झटक्यात लागला. नानांना तीन गोष्टी लिहून दिल्या: काय सापडलं, आधी आणि नंतरचे आकडे, आणि ही बॅटरी मार खाल्लेली आहे, पूर्ण आयुष्य काढणार नाही. सामान तीनशेच्या आतलं, बाकी मजुरी. मजुरी सामानाच्या कितीतरी पट होती आणि नानांनी त्यावर एक शब्द काढला नाही. सगळे गिऱ्हाईक असे नसतात.

आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, दोघं पुण्याला मुलाकडे पंधरा दिवस राहून आले. गाडी उन्हात कव्हरखाली उभी होती, परतल्यावर लगेच चालू झाली. बॅटरी त्या पावसाळ्यात बदलावी लागली, पण ती उतरली म्हणून नव्हे, क्षमता संपली म्हणून.

वेगळं काय करता आलं असतं

दोन्ही दोषांचं मूळ एकाच रंगकामात होतं, आणि ते गाडी ताब्यात घेतानाच सापडू शकलं असतं. रंगवून आलेल्या गाडीचे दिवे लावून बॅटरीचं मायनस आणि बॉडी यांच्यामध्ये मीटर लावायला दोन मिनिटं लागतात. डिकीत मोबाईल ठेवायला त्याहून कमी. पेंटरकडून ही अपेक्षा ठेवण्यापेक्षा गाडीमालकाने पुढच्या सर्व्हिसिंगला वायरमनला सांगावं: 'रंग झालाय, सगळ्या अर्थिंग उघडून पाहा.' बॉडीला लागणाऱ्या सगळ्या लगा, एकही न सोडता.

डायनामो बदलायच्या आधी काळी पिन बॅटरीच्या खांबावर ठेवून एकदा मोजलं असतं तर पुढचा निम्मा खर्च वाचला असता. त्याहून मोठी संधी डायनामो बदलल्यावर होती. नवीन भाग बसवूनही माप तेच आलं, तेव्हा भाग खराब असण्यापेक्षा माप घ्यायची जागा किंवा कारणच चुकीचं असण्याची शक्यता जास्त होती. दुसरा डायनामो मागवण्याआधी तिथे थांबायला हवं होतं.

क्रमाबद्दल एक मतभेद आमच्यातच आहे. वर्कशॉपमधल्या सहकाऱ्याचं म्हणणं, उभ्या गाडीचा करंट पहिल्याच रात्री मोजायचा होता, कारण मूळ तक्रार तीच. माझं म्हणणं, बॅटरी पूर्ण भरल्याशिवाय कुठलंच माप घेऊ नये आणि पहिली रात्र त्यातच गेली. डीसी करंट मोजणारं क्लॅम्प मीटर, तारेभोवती नुसतं अडकवायचं, हाताशी असतं तर टर्मिनल सोडावंच लागलं नसतं. टर्मिनल सोडून जोडलं की काही लॉक युनिट नव्याने जागी होतात आणि कधी कधी अडकलेला दोष तेवढ्यात सुटून जातो. या गाडीत तसं झालं नाही. त्यानंतर आम्ही ते मीटर घेतलं.

नानांकडे बिलं होती, पण प्रत्येक गॅरेजला फक्त आपलंच काम माहीत होतं. बिलांच्या पिशवीबरोबर एका वहीत तारीख, गाडी किती दिवस उभी होती आणि काय लावल्यावर काय झालं, एवढं असतं तर तिसऱ्या नोंदीलाच 'एका रात्रीत कधीच नाही, दोन दिवसांनी नेहमी' हे दिसलं असतं.

राहिला जुना डायनामो. मूळ कंपनीचा, आमच्या मापांवरून पाहता बहुधा काहीही न बिघडलेला, आणि तो बदलीत जमा होऊन कधीच दुसऱ्याच्या गाडीत गेला. शंका पूर्ण फिटेपर्यंत काढलेला भाग घरी न्यावा, बदलीचे चार-पाचशे रुपये सुटले तरी चालतील, असं आता आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो. नानांच्या गाडीत सध्या बसलेल्या रिबिल्ट डायनामोच्या बेअरिंगला थोडा आवाज आहे. तो वाढला तर उघडावा लागेल, हे त्यांच्या वहीत लिहून दिलं आहे.